तीन पदरांचा पीळ

११ जुलै १९८८

त्र्यंबकने दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी कल्याणला कॉलेजात पोचले. तो स्वतः वीस मिनिटे उशिरा आला. आठवीत माझ्या वर्गात होता तेव्हाही असाच. आता वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख आहे, एवढाच फरक.

शाळेतून निवृत्त होऊन मला दीड वर्ष झाले. घरी वेळ पुरत नाही असे मी ठाकुर्लीत सगळ्यांना सांगत होते. वेळ पुरून उरत होता. त्र्यंबकला प्रयोगशाळेत लक्ष घालायला कुणीतरी हवे होते. हुद्दा मानद, म्हणजे पगार नाही पण बोलण्याचा अधिकार आहे.

प्रयोगशाळा पाहिली आणि बोलण्याच्या अधिकाराचा लगेच वापर केला. बाटल्यांवर धूळ, मोरीत चहाचे कप. शिपाई धाकू इथे बावीस वर्षे आहे. त्याला विचारले, "हे रोज कोण पुसते?" तो म्हणाला, "उद्यापासून मी, बाई." उत्तर आवडले. चेहऱ्यावर दाखवले नाही.

१९ जुलै

इथे खरे काम एकच मुलगी करते. मंजुळा नाखवा, एम.एस्सी., ठाण्याच्या बाळकुमची. चोवीस वर्षांची, उंच, कमी बोलते. डब्यात रोज सुके बोंबील. मी खिडकी उघडते. ती डबा खिडकीकडे सरकवते.

तिचा विषय अळंबीचा. खाण्याची नव्हे, कुजक्या लाकडावर उगवते ती नखाएवढी, पंख्यासारखी, वरून राखाडी लव असलेली. तिचे शास्त्रीय नाव शिझोफायलम. ही बुरशी साखरेच्या पाण्यात वाढवली की ती एक पदार्थ सोडते, शिझोफायलन. जपानमध्ये कर्करोगाच्या काही रुग्णांना किरणोपचारासोबत तो देतात. तो रोगाला थेट मारत नाही, शरीरातल्या पहारेकरी पेशींना जागे करतो, असे म्हणतात.

'असे म्हणतात' यावर मी बोट ठेवले. त्र्यंबक म्हणाला, "म्हणूनच तर उंदरांवर करून बघायचं ना, बाई."

मंजुळाने बाटलीतली चिमूटभर पांढरी भुकटी दाखवली. "साखरेचेच कण आहेत, पण एकाला एक जोडून लांबच लांब दोर झालेला. असे तीन दोर एकमेकांत पिळलेले. आमच्या जाळ्याच्या दोरीसारखं. पीळ सुटला की गुण गेला."

तीन वाक्यांत इतके स्वच्छ माझ्या शाळेत फक्त एक शिक्षिका शिकवत असे. त्या शिक्षिकेचे नाव इथे लिहिणे बरे दिसणार नाही.

३ ऑगस्ट

आज फ्रिज उघडला. बुरशी जिवंत राखून ठेवलेल्या चौदा नळ्या, एकीवरही लेबल नाही. गळ्यांत मळक्या सुतळ्या मात्र अडकलेल्या. मंजुळाला बोलावले.

"यातली कोणती कोणती ते कसे कळते?"

"खूण आहे, बाई. आमच्या आजीची—"

"खूण म्हणजे लेबल नव्हे. नाव, तारीख, क्रमांक. उद्या तू नसलीस तर?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या नळ्यांना लेबले लागली. डिंक मिळेना म्हणून मी घरून खळ करून नेली. सुतळ्या काढायला सांगणार होते, राहून गेले.

१२ सप्टेंबर

मुंबईच्या संशोधन संस्थेचे पत्र आले. दहा जानेवारीपर्यंत मंजुळाने दहा ग्रॅम शुद्ध भुकटी पाठवावी. ती त्यांच्या कसोटीला उतरली तर उंदरांवरचे प्रयोग तिथे होतील आणि मंजुळाला पीएच.डी.साठी जागा मिळेल. न जमल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. पत्र कोरडे, मुद्देसूद. मला आवडले.

मंजुळाने ते चार वेळा वाचले आणि जेवायची विसरली. मी डबा तिच्यापुढे ठेवला. बोंबलाचा डबा मी हातात धरला, याची नोंद इथे केलेली बरी.

१४ ऑक्टोबर

चौदा नळ्यांतल्या सगळ्या बुरशी सारख्या नाहीत. तेरा आळशी आणि एकच कामाची, असे त्र्यंबक म्हणतो. त्या एकीच्याच आणखी राखीव नळ्या करून तिचेच फ्लास्क आता वाढवायचे. वर्गातही प्रमाण साधारण हेच असे.

५ नोव्हेंबर

कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली. मंजुळा काल बाळकुमला गेली. प्रयोगशाळा आवरायला याहून चांगला दिवस नाही. धाकूला बोलावून घेतले होते. सकाळी नऊ ते दुपारी चार. फडताळे रिकामी करून पुसली, फरशी सोड्याने घासली.

फ्रिजमध्ये पाणी झाले होते. तळाच्या जाळीवरच्या नळ्यांची लेबले सुटून लगदा झालेला. बेवारशी नळ्या ठेवून उपयोग काय? टाकल्या. मधल्या फळीवर तीन फ्लास्क नासलेले सापडले. आतले पाणी पेजेसारखे घट्ट, काचेच्या कांडीने उचलले तर तार सुटत होती. शिसारी आली. धाकू म्हणाला, "मंजुळाताईंना विचारून घेऊ का, बाई?" मी म्हटले, "नासक्याला काय विचारायचे?" सगळे कुकरमध्ये दोनदा उकळून मोरीत ओतले. सुतळ्या धाकूने सोडून घेतल्या, डबा बांधायला.

प्रयोगशाळा आरशासारखी दिसते आहे. मंजुळाला आल्यावर आनंद होईल. घरी येऊन चकल्या केल्या. बऱ्या झाल्या.

१६ नोव्हेंबर

कॉलेज उघडले आणि गोंधळ. त्र्यंबकने मला त्याच्या खोलीत बोलावले. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला, "बाई, मंजुळाचे उत्तम आलेले तीन फ्लास्क सापडत नाहीत. आणि त्या जातीच्या राखीव नळ्याही."

"उत्तम आलेले गेले कुठे?" मी विचारले.

त्याने पेपरवेट खाली ठेवला. मग म्हणाला, "तेच."

मंजुळा खिडकीशी पाठ करून उभी होती. मी चौकशी माझ्याकडे घेतली. मला कुणी काही विचारले नाही, कारण मी उत्तम काही फेकलेले नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरला धाकू. त्याला समोर उभे केले. "काच धुताना काही फुटले का? खरे सांग."

तो जमिनीकडे पाहत होता. "माझ्याच हातून गेलं असेल, बाई."

"असेल म्हणजे?"

"गेलं, बाई."

शिवाय प्रयोगशाळेची मोरीही तुंबली आहे. आत काहीतरी बुळबुळीत अडकले आहे, असे धाकू म्हणतो.

१७ नोव्हेंबर

धाकूविरुद्ध लेखी तक्रार तयार केली. दीड पान. बावीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख केला, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. त्र्यंबकने ती घेतली, खणात ठेवली आणि खण कुलूप लावून बंद केला. शाळेत असताना तो कागद असे जपून ठेवत नसे.

मंजुळाने उरलेल्या जातींचे नवे फ्लास्क लावले आहेत. तिला म्हटले, "जानेवारीला अजून वेळ आहे, नेट धर." ती म्हणाली, "हो, बाई." तिचा राग माझ्यावर असल्यासारखा वाटला. मुलींना शिस्त जाचते, त्यातलाच प्रकार.

१८ नोव्हेंबर

आज लिहायला जड जात आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

दुपारी मंजुळाने दुसऱ्या जातीचा एक फ्लास्क उजेडात धरला. आतला द्रव पाण्यासारखा पातळ होता. मी म्हटले, "छान स्वच्छ आला आहे."

ती म्हणाली, "स्वच्छ आला म्हणजे वाया गेला, बाई. पीळ पाण्यात उतरला की पाणी घट्ट होतं. त्या तीन फ्लास्कांना भेंडीसारखी तार सुटत होती. सरांनी पेढे आणायला सांगितले होते."

माझ्या हातात घड्या घातलेले फडके होते. त्याची मी आणखी दोनदा घडी केली.

भुकटी मी पाहिली होती, बुरशी पाहिली होती. या दोहोंच्या मधे काय दिसते हे कधी विचारले नव्हते. विचारण्याचे काम इतरांचे, उत्तर तपासण्याचे माझे, अशी तीस वर्षांची सवय.

धाकू स्टुलावर बसून काच पुसत होता. त्याच्याकडे पाहिले तेव्हा कळले की त्याला ठाऊक होते. त्र्यंबकलाही आणि मंजुळालाही. सगळ्यांना ठाऊक होते आणि सांगण्याची हिंमत एकालाही नव्हती.

मी सगळ्यांना बोलावले. उभी राहिले आणि म्हटले, "फ्लास्क आणि नळ्या मी टाकल्या. पाच तारखेला, स्वतःच्या हाताने. धाकूने विचारून घ्या म्हटले होते, मी ऐकले नाही. धाकू, तुझी माफी मागते. तक्रार फाडून टाक, त्र्यंबक."

"कालच फाडली, बाई," तो म्हणाला.

धाकू म्हणाला, "मोरी तेवढी मोकळी करायला लागेल, बाई. तुमचं औषध फार घट्ट होतं." आणि मंजुळा हसली. मला वाटते रडण्याऐवजी हसली, पण तिला हसू आवरेना आणि मग त्र्यंबकलाही आवरेना. मी हसले नाही. बसले मात्र.

मग मी विचारले, "ती बुरशी आणली कुठून होती?"

मंजुळा म्हणाली, "ते आजीला माहीत. कोळीवाड्यातली एक जुनी होडी मोडली तेव्हा फळ्या सगळ्या घरांत वाटल्या. प्रत्येक फळीवरचे पंखे आजीने आणून दिले, ज्याच्या घरचे त्याच्या खुणेची सुतळी बांधून. आमच्यात जाळी, टोपल्या, सगळं तसंच ओळखतात. मी तीच सुतळी नळ्यांना, फ्लास्कांना बांधत गेले. लेबल सुटतं, गाठ सुटत नाही."

तीन ऑगस्टला ती हेच सांगत होती. मी वाक्य पुरे होऊ दिले नव्हते.

धाकूने कोपऱ्यातला डबा उचलला. त्याभोवती सुतळ्याच सुतळ्या होत्या. मंजुळाने त्यातली एक बरोबर निवडली. दोन गाठी आणि एक वेढा. "फ्लास्कवरची हीच."

२० नोव्हेंबर, रविवार

बाळकुमला गेले. मंजुळा बसथांब्यावर उभी होती. तिची आजी मनुबाई ओट्यावर जाळे शिवत बसलेली. ऐंशीच्या पुढची, कपाळावर मोठे कुंकू. मी नमस्कार करून सुतळी पुढे केली आणि काय केले ते सांगितले. तिने सुतळी बोटांनी चाचपली, डोळ्यांनी पाहिलीही नाही.

"भिवाजीचे घरची. फेकून दिलास व्हय, मास्तरीणबाय?"

"हो."

"नाव वाचता येत नाय तं इचारायचं."

शाळेत इन्स्पेक्टरही माझ्याशी असे बोलला नव्हता. मी म्हटले, "खरे आहे."

ती एकदम प्रसन्न झाली. "चल. उठ गो मंजुळा, बाईला घेऊन चल."

भिवाजी चार घरे सोडून. त्याने होडीची फळी दोन दगडांवर टाकून बाक केला आहे. आम्ही पोचलो तेव्हा तो हातात ब्रश घेऊन बाकाला डांबर फासत होता. अर्धीअधिक फळी काळीभोर झाली होती.

मनुबाई लांबूनच ओरडली, "भिवाजी! हात वर कर!"

भिवाजीने दोन्ही हात वर केले. ब्रशमधले डांबर त्याच्या डोक्यावर ठिबकले.

"काय केलं मी?" तो म्हणाला.

"काय नाय केलंस तवरच थांब. तुझे फलीवर आमचे पोरीचं औषध हाय."

"मी तिच्यावर बसतोय दोन वर्सं. मला नाय काय गुण आला."

"तू वरती बसतोस, औषध खालती हाय."

मी खाली वाकले. साठीच्या बाईने पदर खोचून दुसऱ्याच्या अंगणात गुडघ्यांवर बसावे याला काही नियम नसावा. फळीच्या कोरड्या टोकाला खालच्या बाजूने सात-आठ पंखे होते. सुकलेले, आत मुडपलेले, हात लागताच मोडतील असे. मंजुळाने चिमट्याने ते कागदावर घेतले. तिला काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. सुकलेल्या झाडातून कलम होत नाही, एवढे वनस्पतिशास्त्र मला ठाऊक आहे.

मनुबाईने तांदळाची भाकरी आणि गूळ दिला. मासळी आजच्यापुरती दूर ठेवली होती, माझ्यासाठी. भाकरी दोन खाल्ल्या. निघताना छत्री तिथेच विसरले. नोव्हेंबरात छत्री कशाला नेली होती कुणास ठाऊक. सवय.

२१ नोव्हेंबर

सहा पन्नासला प्रयोगशाळेत पोचले. धाकू आधीच आला होता. मंजुळाने काल संध्याकाळी इथे येऊन ते पंखे ओल्या टीपकागदावर काचेच्या झाकणाखाली ठेवले होते. ती आल्याशिवाय मी झाकणाला हात लावला नाही. सवा तास उभी राहिले.

तिने झाकण उचलले. मुडपलेले सगळे पंखे उलगडले होते. खालच्या बाजूला गुलाबी-राखाडी पाकळ्या, प्रत्येक पाकळी मधोमध दुभागलेली आणि पूर्ण पसरलेली, जणू काल उगवले असावेत.

"ही मरत नाही, बाई," मंजुळा म्हणाली. "सुकली की मिटून बसते. पाणी मिळालं की उघडते. वर्षांनंतरसुद्धा."

धाकू म्हणाला, "बाईंनी उकळली नाही तर."

मी त्याला म्हटले, "कप धुऊन ठेव." पण चहा मीच केला, चौघांचा.

३० नोव्हेंबर

बुरशी पांढऱ्या कापसासारखी नळ्यांत पसरली आहे. आज वीस राखीव नळ्या केल्या. दहा इथल्या फ्रिजमध्ये, दहा त्र्यंबकच्या घरी. त्याच्या बायकोने भाजीचा कप्पा रिकामा करून दिला. प्रत्येक नळीला लेबल, आणि गळ्यात सुतळी. दोन गाठी आणि एक वेढा मी स्वतः बांधला. सुरुवातीच्या सहा मंजुळाने सोडून परत बांधायला लावल्या. "सैल आहे, बाई. पुन्हा." योग्यच होते.

सर्व घरांच्या खुणांचा तक्ता करून या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला आहे.

१७ डिसेंबर

तार सुटली. काचेची कांडी बुडवून वर उचलली आणि फ्लास्कपासून माझ्या हनुवटीपर्यंत तार आली, तुटली नाही. पाच नोव्हेंबरला याच तारेची मला शिसारी आली होती. आज तिच्याकडे पाहत राहिले. त्र्यंबकने पेढे आणले, वेळेवर.

२८ डिसेंबर

गाळलेल्या द्रवात मंजुळाने स्पिरिट हळूहळू ओतले. मला म्हणाली, "कांडी तुम्ही फिरवा, बाई." आधी काहीच नाही. मग तळातून पांढरे धागे वर आले आणि माझ्या कांडीभोवती गुंडाळत गेले, चातीवर सूत चढावे तसे. धागा, धाग्यावर धागा. धाकू मागून पाहत होता. तो म्हणाला, "अरे, हे तर खरंच दोर आहे." त्याला वाटत होते आम्ही उगाच म्हणतो.

लहानपणी जत्रेत म्हातारीचे केस असेच काडीवर चढताना पाहिले होते. ते मला कुणी घेऊन दिले नव्हते.

९ जानेवारी १९८९

वाळलेली भुकटी अकरा ग्रॅम आणि थोडी. बाटली, लेबल, सुतळी. संस्थेतल्या माणसाने मंजुळाला विचारले म्हणे, "ही सुतळी कशाला?" ती म्हणाली, "लेबल सुटलं तर." परत येऊन हे तिने मला मुद्दाम सांगितले.

११ फेब्रुवारी

पत्र आले. भुकटी शुद्ध, पीळ शाबूत. उंदरांवरचे काम मार्चमध्ये सुरू होईल. त्यातून काय निघेल ते कुणालाच माहीत नाही, पण ते शोधायचे काम मंजुळाकडे. जागा मिळाली. एक तारखेपासून ती मुंबईला.

तिने पत्र माझ्या हातात दिले आणि वाकून नमस्कार केला. मी म्हटले, "राहण्याची सोय, गाडीचा पास, गरम कपडे यांची यादी कर." तिने यादी आधीच केली होती. माझ्याच पद्धतीने, आकडे घालून. मला चष्मा पुसावा लागला. प्रयोगशाळेत स्पिरिटची वाफ फार असते.

धाकू म्हणतो, ताई गेल्यावर खिडकी कशाला उघडायची. मी म्हटले, हवेसाठी.

१९ फेब्रुवारी, रविवार

मनुबाईने जेवायला बोलावले होते. गेले. सगळा कोळीवाडा अंगणात. भिवाजी आपल्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "बसा बाई, औषधावर." अर्ध्या डांबरलेल्या फळीच्या कोऱ्या टोकावर मला बसवले. माझ्यासाठी वेगळी वालाची भाजी केली होती. मंजुळाने माझ्या ताटाशी बोंबलाचा तुकडा आणून "खिडकी उघडू का, बाई?" असे विचारले. सगळे हसले. उघड्या अंगणात बसलो होतो.

निघताना मनुबाईने नोव्हेंबरात विसरलेली छत्री आणून दिली. मुठीला सुतळी बांधलेली. घरी येऊन शेवटच्या पानावरच्या तक्त्याशी ताडून पाहिली. सलग तीन गाठी, म्हणजे मनुबाईच्या घराची खूण. छत्री माझी आहे हे मी ती घेताना तिला दोनदा सांगितले होते. वयामुळे लक्षात राहत नसावे.

सोडवायला बसले होते. गाठ चांगलीच घट्ट आहे. राहू दिली.